लहान बाथरूम, गडद रंग आणि मोठ्या नक्षीचा वॉलपेपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाथरूम लहान आहे म्हणून पांढऱ्यावरच थांबायचं का, असं ज्यांच्या मनात येतं त्यांच्यासाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. कोणता रंग आणि कोणती नक्षी, हे तुमच्या आवडीवर सोडा. पण ती कुठल्या भिंतीवर जाणार, हे पाण्याला ठरवू द्या.

गडद रंगाने लहान बाथरूम आणखी लहान दिसणार नाही का?

दिसू शकतं, पण बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. रंग जिथे तुटतो त्या रेघेचा असतो. भिंती गडद आणि वर पांढरंशुभ्र छत असलं, की भिंत नेमकी कुठे संपते हे डोळ्याला लगेच कळतं आणि खोलीची उंची मोजल्यासारखी समोर येते. तोच रंग छतावर, चौकटीवर आणि दाराच्या आतल्या बाजूवर नेला तर कोपरे अंधुक होतात, खोलीची मापं पटकन लक्षात येत नाहीत. म्हणून गडद रंग करायचाच तर अर्धवट करू नका.

पांढरा रंग खोली मोठी दाखवतो, तो भरपूर उजेड असेल तेव्हा. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये एका दिव्याखाली पांढरी भिंत करडी आणि मळकट दिसू लागते. अशा जागी शाई निळा, काळपट हिरवा, वांगी किंवा विटकरी रंग जास्त शोभून दिसतो, कारण त्या रंगांना उजेडाची उणीव लपवावी लागत नाही.

शेडकार्डावर बऱ्याचदा एलआरव्ही नावाचा आकडा छापलेला असतो. रंग किती प्रकाश परत फेकतो, याचं ते ० ते १०० मधलं माप. पांढरे रंग साधारण ८० च्या वर, खरे गडद रंग १० च्या आसपास किंवा खाली. म्हणजे गडद रंग ठरवला त्याच दिवशी दिव्यांचाही विचार करायला हवा.

पाण्याला ठरवू द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कागदावर बाथरूमच्या चारही भिंती काढा आणि पाणी कुठे कसं पोहोचतं ते खुणा करून पाहा. तीन प्रकारच्या जागा निघतील. पहिली, जिथे पाणी थेट आदळतं : शॉवरच्या आतल्या भिंती, नळाखालचा भाग. इथे टाइल, दगड किंवा तसलंच जलरोधक काहीतरी हवं. तिथे रंग आणि वॉलपेपर दोन्ही नकोत, कितीही महागाचे असले तरी. दुसरी जागा शिंतोड्यांची : बेसिनच्या मागे आणि बाजूला, कमोडच्या आसपास, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत. इथे चांगला धुता येणारा रंग चालतो. बेसिनच्या मागे मात्र टाइलची किंवा काचेची एक पट्टी घ्या, अगदी वीतभर उंचीची असली तरी तिचा उपयोग होतो. तिसरी जागा फक्त वाफेची : वरच्या भिंती, दारावरचा भाग, छत. वॉलपेपरची खरी जागा ही.

नुसतं बेसिन आणि कमोड असलेल्या खोलीत वाफच नसते, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीही लावता येतं. घरात अशी खोली असेल तर सगळी हौस तिथे करा.

भिंतीत ओल आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर द्या. रंगाचे पोपडे, बुडबुडे, कोपऱ्यातले काळे ठिपके, भिंतीवर फुललेले पांढरे क्षार, खालच्या बाजूला भुसभुशीत झालेला गिलावा, यांतलं काहीही दिसलं तर भिंत तुम्हाला आधीच सांगते आहे.

संशय असेल तर एक सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे : गळका पाइप, बाहेरून मुरणारं पाणी किंवा शॉवरमागचं निकामी झालेलं वॉटरप्रूफिंग. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे, म्हणजे प्रश्न हवा खेळण्याचा आहे. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे. पहिल्यात प्लंबर आधी, रंगारी नंतर. दुसऱ्यात पंखा बदलूनही काम भागू शकतं.

ओल असलेल्या भिंतीवर 'ओलरोधक' रंगाचा एक हात मारून पुढे जाण्याचा मोह होतो. पाण्याचा मार्ग बंद केला नाही तर ते शेजारून वाट काढतं, आणि गडद रंगावर तो डाग पांढऱ्या भिंतीपेक्षा जास्त उठून दिसतो. नवीन गिलावा केला असेल तर त्याला सुकायला साधारण चार आठवडे द्या. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यातला क्षार रंगही खराब करतो आणि वॉलपेपरची खळही.

बुरशीवर थेट रंग मारला तर?

ती रंगाखालून परत येते. आधी साबणाच्या पाण्याने घासून काढा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग बुरशीरोधक प्रायमर. ब्लीच वापरत असाल तर ते कुठल्याही आम्लयुक्त टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतात आणि लहान बंद बाथरूममध्ये तो धोका फार मोठा असतो. बुरशी मोठ्या भागावर पसरली असेल किंवा गिलाव्याच्या आत गेली असेल तर तो भाग काढून नव्याने करणं हाच मार्ग.

एक्झॉस्ट फॅन खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

हो. रंगापेक्षाही. अंघोळीचं बाथरूम असेल तर किमान ५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५० घनफूट हवा ओढणारा पंखा घ्या. खोली ५० चौरस फुटांपेक्षा मोठी असेल तर दर चौरस फुटाला १ सीएफएम असा हिशोब धरतात. अंघोळ झाल्यावर तो आणखी वीस मिनिटं चालू राहायला हवा. लोक दिवा बंद करतात तेव्हा पंखाही बंद होतो, म्हणून टायमरचा स्विच बसवून घेणं चांगलं.

दोन गोष्टी बघायच्या राहून जातात. पंख्याची हवा थेट इमारतीबाहेर जाते का? फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडली असेल तर तुम्ही वाफ फक्त नजरेआड केली आहे. आणि आत यायला हवेला वाट आहे का? दाराखाली साधारण दोन सेंटीमीटरची फट लागते. ती नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

कोणता रंग घ्यायचा, मॅट की चमकदार?

गडद रंग मॅटमध्ये सर्वांत सुंदर दिसतो, यात वाद नाही. खोल, मखमली, कुठेही चकाकी नाही. पण साधा मॅट बाथरूममध्ये लवकर खराब होतो. ओल्या हाताचे ठसे, साबणाचे शिंतोडे उठून दिसतात, आणि पुसायला जावं तर घासलेला भाग चकाकू लागतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर सुकलेल्या थेंबांचे पांढरे ठिपके काळपट भिंतीवर लांबूनही दिसतात.

म्हणून मी असं सुचवते : शिंतोड्यांच्या जागी मंद चमकेचा सॅटिन, वरच्या भिंतींना बाथरूमसाठीच बनवलेला धुता येणारा मॅट किंवा किंचित चमक असलेला एगशेल, आणि चौकट-दाराला सॅटिन. एकाच शेडमध्ये चमक बदलली की भिंतींना आपोआप थोडा खोलपणा येतो. पूर्ण चकचकीत रंग गडद शेडमध्ये नाट्यमय दिसतो, पण त्यासाठी भिंत अगदी सपाट लागते. लांबी (पुट्टी) नीट भरलेली नसेल तर प्रत्येक उंचवटा दिव्याखाली उघडा पडतो.

गडद शेड गडद बेसमध्ये मिसळतात. त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसल्यामुळे पहिला हात ठिगळासारखा दिसतो. घाबरू नका. खाली पांढऱ्याऐवजी करड्या छटेचा प्रायमर घेतला तर रंग लवकर झाकतो. तरी दोन हात नक्की आणि लाल-विटकरी शेडला तीनही लागतात. लागतील तेवढे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, म्हणजे डब्या-डब्यातला बारीकसा फरक भिंतीवर येत नाही.

रंग दिल्यावर आठवडाभरात भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ आले. रंग खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. पाण्यावर आधारित रंगात काही विरघळणारे घटक असतात. रंग पुरता पक्का होण्याआधी त्याच्यावर वाफ बसली की ते पृष्ठभागावर येऊन ओघळतात आणि गडद शेडवर ते जास्त दिसतात. कोमट पाण्याच्या ओल्या मऊ फडक्याने पुसा. एक-दोनदा परत येतील आणि थांबतील. रंग हाताला काही तासांत सुकलेला लागला तरी पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. निदान पहिले काही दिवस तिथे गरम पाण्याची अंघोळ टाळता आली तर हा त्रास होतच नाही.

शेड कशी निवडायची?

शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावरून कधीच नाही. मोठ्या जाड कागदावर दोन हात मारा आणि तो कागद बाथरूममध्येच, तिथल्याच दिव्याखाली, वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहा. दुकानात मोरपंखी वाटलेला रंग पिवळसर दिव्याखाली नुसता हिरवा होतो.

आरशासमोरच्या भिंतीचा वेगळा विचार करा. रंगीत भिंतीवरून परतणारा प्रकाश चेहऱ्यावर पडतो. भडक, मध्यम उजळ हिरवा किंवा पिवळा असेल तर आरशात माणूस आजारी दिसतो. अगदी गडद शेड मुळातच कमी प्रकाश परतवतात, त्यामुळे हा परिणाम त्यांच्यात कमी असतो. दाढी किंवा मेकअप तिथेच होत असेल तर ही गोष्ट मनावर घ्या.

दिवे कसे हवेत?

छताच्या मध्यावर एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर एकेक दिवा सर्वांत चांगला. २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश गडद रंगांना मानवतो. रंगांचा खरेपणा सांगणारा सीआरआयचा आकडा ९० किंवा त्याहून जास्त बघून घ्या. पाण्याजवळ दिवे बसवायचे तर किमान आयपी४४ दर्जाचे, म्हणजे शिंतोडे आत न जाणारे, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच.

बाथरूममध्ये वॉलपेपर टिकतो का? कोणता घ्यायचा?

ओल नसेल, हवा खेळत असेल आणि जागा फक्त वाफेची असेल तर टिकतो. प्रकार मात्र पारखून घ्या. साधा कागदी वॉलपेपर अंघोळीच्या खोलीत नको. नॉन-वोव्हन प्रकार पाणी लागल्यावर फुगत-आकसत नाही, खळ थेट भिंतीला लावता येते आणि काढतानाही पूर्ण ताव सुटून येतो. घरी स्वतः लावणाऱ्यांसाठी मी हाच सुचवेन. विनाइलचा थर असलेला वॉलपेपर सर्वांत जास्त पुसता येतो. गवताच्या धाग्यांचे, रेशमी किंवा कापडी वॉलपेपर दिसायला अप्रतिम, पण वाफेने डाग पडतात आणि ते पुसता येत नाहीत. ते बिनअंघोळीच्या खोलीसाठी ठेवा. लेबलवर लाटांची खूण असते : एक लाट म्हणजे ओल्या स्पंजाने हलकेच पुसा, दोन-तीन म्हणजे जास्त धुता येतो.

विनाइलबद्दल एक इशारा. त्यातून वाफ आरपार जात नाही. बाहेरच्या बाजूच्या भिंतीतून ओल येत असेल, किंवा बाहेर दमट हवा आणि आत सतत वातानुकूलन असेल, तर पाणी विनाइलच्या मागे अडकतं आणि तिथे बुरशी वाढते. समोरून महिनोन्महिने काही दिसत नाही. अशा भिंतीवर विनाइलऐवजी रंगच द्या.

खळ बुरशीरोधक घटक असलेलीच घ्या आणि भिंतीला आधी वॉलपेपरचा प्रायमर लावा. ताव जागेवर सरकवता येतो आणि पुढे काढताना गिलावा सोबत येत नाही.

नक्षी मोठी की बारीक? एक भिंत की चारही?

लहान खोलीत मोठी नक्षी. बारीक फुलं चारही बाजूंनी शेकडो वेळा दिसली की डोळा थकतो. मोठी पानं, मोठे पक्षी, मोठे भौमितिक आकार दोन-चारदाच येतात आणि खोलीला शांतपणा देतात. फक्त आरसा, कपाट आणि खिडकी नक्षीचा कोणता भाग खाणार, ते आधी पाहा. दारातून आत येताना समोर जो भाग दिसतो तिथे नक्षीचा सर्वांत चांगला तुकडा आला पाहिजे. ताव कापण्याआधी भिंतीवर पेन्सिलने खुणा करून हे ठरवता येतं.

एकाच भिंतीला वॉलपेपर लावणं मला लहान बाथरूममध्ये पटत नाही. ते बिचकत घेतलेल्या निर्णयासारखं दिसतं. खाली टाइल किंवा लाकडी पॅनेल, वर चारही बाजूंना वॉलपेपर आणि नक्षीतलाच सर्वांत गडद रंग छताला, दाराला : ही मांडणी क्वचितच फसते. बाकी तिन्ही भिंतींना छतापर्यंत टाइल्स असतील तेव्हा एक भिंत ठीक.

किती रोल लागतील, हे कसं काढायचं?

क्षेत्रफळावरून काढू नका. लोक इथेच चुकतात. उदाहरण घेऊ : खोली १.५ बाय २.१ मीटर, उंची २.६ मीटर, दार ७५ सेंटीमीटर रुंद आणि २ मीटर उंच. रोल नेहमीचा, ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब. क्षेत्रफळाने हिशोब केला तर दार वजा जाता सुमारे १७.२ चौरस मीटर. एका रोलमध्ये ५.३ चौरस मीटर, म्हणजे ४ रोल पुरे वाटतात.

आता पट्ट्यांनी मोजा. चारही भिंतींची मिळून लांबी ७.२ मीटर, त्यातून दार वजा केलं तर ६.४५ मीटर. ५३ सेंटीमीटरने भागलं की १३ पट्ट्या. प्रत्येक पट्टी २.६ मीटर, वर-खाली कापायला १० सेंटीमीटर जास्त. पण नक्षी दर ६४ सेंटीमीटरनी परत येत असेल तर प्रत्येक पट्टी नक्षीच्या पूर्ण पटीत, म्हणजे ३.२ मीटर धरावी लागते. एका रोलमधून अशा तीनच निघतात. १३ पट्ट्यांना ५ रोल. दारावरचा तुकडा उरलेल्यातून होतो. शिवाय एक रोल पुढच्या दुरुस्तीसाठी. खाली १.२ मीटरपर्यंत टाइल्स असतील तर तेच काम ३ रोलमध्ये भागतं. सगळ्या रोलवरचा बॅच नंबर एकच आहे हे दुकानातच तपासा. बॅच वेगळी असेल तर शेजारच्या पट्ट्यांच्या छटेत फरक पडू शकतो.

कामाचा क्रम कसा ठेवायचा?

प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग, वायरिंग, टाइल्स आणि ग्राऊट, गिलाव्याची दुरुस्ती, लांबी आणि घासकाम, प्रायमर, छत, भिंतींचा रंग, चौकट-दार, मग वॉलपेपर, आणि सर्वांत शेवटी आरसा, हूक, दिवे आणि सिलिकॉन. बेसिन आणि कमोडची टाकी काढता येत असेल तर काढाच. टाकीमागच्या चार बोटांच्या फटीत वॉलपेपर नीट बसवणं फार अवघड जातं.

जुन्या घरातला जुना रंग घासण्याआधी त्यात शिसं आहे का, याची चाचणी करा. असेल तर कोरडा घासू नका. ती धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक असते.

स्वतः वॉलपेपर लावायचा झाला तर कुठे जपायचं?

कोपऱ्यांना. भिंतींचे कोपरे क्वचितच सरळ असतात. अख्खी पट्टी कोपऱ्यातून वळवली तर ती पुढे तिरकी जाते आणि प्रत्येक पट्टीगणिक तिरकी होत राहते. कोपऱ्यापलीकडे जेमतेम एक सेंटीमीटर जाईल अशी पट्टी उभी कापा आणि पुढच्या भिंतीवर ओळंब्याने नवी उभी रेघ मारून उरलेला तुकडा तिथून लावा. नक्षी दोन-चार मिलिमीटर सुटेल, ते खपतं. तिरकेपण नाही. शेवटची पट्टी आणि पहिली पट्टी जिथे भेटतात तिथे नक्षी जुळत नाहीच. तो जोड दारावरच्या कोपऱ्यात येईल असं पहिल्यापासून आखा. स्विचबोर्डाभोवती काम करताना वीज मुख्य स्विचपासून बंद हवी, कारण खळ ओली असते.

टाइल्सवरच रंग किंवा वॉलपेपर चालेल का?

वॉलपेपरमधून सांध्यांच्या रेघा उमटतात, म्हणून आधी सगळे सांधे भरून सपाट करावे लागतात. रंग चालतो : साबणाचा थर पूर्ण काढा, टाइल हलकी खरवडा, चिकटणारा प्रायमर आणि मग टाइलचा इपॉक्सी रंग. शॉवरच्या आत आणि जमिनीवर नको.

भाड्याच्या घरात काय करता येईल?

मागे गोंद असलेला सोलून लावायचा वॉलपेपर, पण वाफ कमी असलेल्या खोलीतच. त्याला गुळगुळीत, सॅटिनचा आणि पुरता पक्का झालेला रंग लागतो. साध्या मॅटवर तो धरत नाही आणि काढताना रंग सोबत येऊ शकतो. आधी एका कोपऱ्यात हातभर तुकडा आठवडाभर लावून बघा.

पूर्वीचे वॉलपेपर विषारी असत म्हणतात. आताचे?

ते खरं आहे. १७७५ मध्ये स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी तांबं आणि आर्सेनिक यांपासून एक हिरवा रंग तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात तसे आर्सेनिकयुक्त हिरवे रंग वॉलपेपरमध्ये सर्रास वापरले गेले. दमट खोलीत त्या कागदावर बुरशी आली की आर्सेनिकचा विषारी वायू निघे. १८९० च्या दशकात इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी बुरशीचा हा भाग उलगडला. आजच्या वॉलपेपरमध्ये आर्सेनिकचे ते रंग वापरत नाहीत. पण ओल्या भिंतीवरच्या बुरशीने श्वासाचा त्रास आजही होतो. नवीन विनाइलचा वास असेल तर काही दिवस दार-खिडकी उघडी ठेवा.

काही महिन्यांनी सांधा उचलला गेला तर?

लगेच बघा, कारण उघड्या सांध्यातून वाफ आत शिरते. ओल्या स्पंजाने कड मऊ करा, मागे धूळ असेल तर पुसा, सांध्यांसाठी मिळणारी खळ बारीक ब्रशने आत लावा, हलक्या हाताने दाबा आणि बाहेर आलेली खळ तेव्हाच टिपून घ्या. सुकलेल्या खळीचा चकाकता डाग गडद नक्षीवरून जात नाही. एकच सांधा पुन्हा पुन्हा सुटत असेल तर खळ बदलू नका, ती पट्टी उघडून मागची भिंत तपासा.